डोळा बघून कात्री: साताऱ्याच्या हवेत फुकियन चहाचा बोन्साय

साताऱ्यातल्या एका नर्सरीत 'टी ट्री बोन्साय' अशी चिठ्ठी लावलेली कुंडी मी उचलली, तेव्हा हा आपला नेहमीचा चहाच असणार असं धरून चालले होते. घरी येऊन पान चुरडून वास घेतला, तर चहाचा काही संबंध नाही. पान छोटं, गडद हिरवं, चकाकणारं, हाताला जरा खरखरीत आणि टोकाला तीन बारीक दाते. पुढे कळलं की या एका नावाखाली तीन अगदी वेगळी झाडं विकली जातात. म्हणून आधी नावाचा घोळ मिटवू.

पहिला खरा चहा, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याला आम्ल माती लागते, साधारण ४.५ ते ५.५ सामूची (म्हणजे पीएचची). आपली काळी माती आणि बोअरचं जड पाणी याच्या बरोबर उलट आहे, त्यामुळे तो कुंडीत जगवताना सतत माती आणि पाण्याशी भांडावं लागतं. दुसरा ऑस्ट्रेलियाचा टी ट्री, म्हणजे मेलाल्युका. औषधी तेल निघतं ते याच झाडापासून. आणि तिसरा हा, फुकियन चहा. चीनच्या फुजियान प्रांतावरून त्याला हे नाव पडलं, पण हे झाड दक्षिण भारतात आणि श्रीलंकेतही मुळातलंच आहे. शास्त्रीय नाव कार्मोना रेटुसा. बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला एहरेशिया याच प्रजातीत धरतात. आळंदीचा अजानवृक्ष हाही एहरेशियाच. म्हणजे ज्या झाडाकडे आपण परकं म्हणून बघतो, ते माउलींच्या दारातल्या झाडाचं भाऊबंद निघालं. मला तर त्या दिवशी ही कुंडी वेगळीच दिसायला लागली. फिलिपिन्समध्ये याच्या पानांचा काढा पोटदुखीवर घेतात आणि झाडाला 'त्सांग गुबात', म्हणजे रानचहा म्हणतात. चहा हे नाव त्याला शोभतं ते इतपतच.

बोन्सायसाठी मात्र हे झाड अगदी जमून आलेलं आहे. पान जात्याच बारीक, जुन्या लाकडावरही फूट येते, उबदार महिन्यांत पांढरी इवलीशी फुलं लागत राहतात आणि मागून हिरवी, मग लाल फळं. आपल्या हवेत ते वर्षभर बाहेर राहू शकतं. युरोपात लोक ते हिवाळाभर काचेमागे जपतात, आपल्याला फक्त डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री सांभाळाव्या लागतात.

रोप निवडताना

नर्सरीत दोन प्रकार मिळतात. एक, चीनहून आलेलं, इंग्रजी एस आकाराच्या जाड खोडाचं, उथळ ट्रेमध्ये बसवलेलं. दुसरं, काळ्या पिशवीतलं, पेन्सिलीएवढ्या किंवा अंगठ्याएवढ्या खोडाचं, कुंपणाला लावायचं रोप. नवख्याने दुसरं घ्यावं असं माझं ठाम मत आहे. एस आकाराच्या झाडाचं खोड ठरून गेलेलं असतं, त्याच्यावर तुमचं म्हणून काही करायला फार जागा उरत नाही. शिवाय त्याची माती बहुतेक वेळा चिकट असते आणि वर खडे डिंकाने चिकटवलेले असतात, त्यामुळे पाणी मुरतच नाही. तसलं झाड घेतलंच, तर ते खडे त्याच दिवशी काढा.

पिशवीतलं रोप निवडताना शेंड्याकडे बघू नका. वरची माती बोटाने दोन सेंटिमीटर बाजूला करा आणि खोड जमिनीत शिरतं तिथे बघा. मुळं चारी बाजूंना पसरलेली हवीत. एकाच बाजूला जाड मूळ असेल किंवा मुळाने खोडाला विळखा घातला असेल, तर ते रोप ठेवून द्या. खोड खाली जाड आणि वर निमुळतं हवं, आणि पहिल्या १०-१५ सेंटिमीटरमध्ये दोन-तीन फांद्या किंवा निदान जिवंत डोळे, म्हणजे नवी फूट येण्याच्या जागा, हव्यात. पानांवर पांढरे बारीक ठिपके दिसले तर घाबरू नका, ते या झाडाचे अंगचेच आहेत. मी पहिल्या महिन्यात त्यांना रोग समजून औषध फवारलं होतं आणि निम्मी पानं गळून पडली होती.

फांदीपासून रोप करायचं असेल तर जून-जुलै हा काळ चांगला. अर्धवट पिकलेल्या काडीचे ८ ते १० सेंटिमीटरचे तुकडे घ्या, खालची पानं काढा, मुळं फुटायची पावडर लावून ओल्या कोकोपीट-वाळूत खोचा आणि वर प्लॅस्टिकची पिशवी घाला. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. सगळे तुकडे जगत नाहीत, म्हणून चार हवे असतील तर दहा लावा.

माती, म्हणजे खरं तर खडी

आपल्याकडे बोन्साय मरतात ते बहुतेक मातीमुळे. शेतातली काळी माती उसाला सोनं आहे, पण उथळ ट्रेमध्ये ती ओली असताना चिखल आणि वाळली की भेगाळलेली वीट होते. बारीक मुळं त्या भेगांमध्ये तुटतात. फुकियन चहाला ओल हवी पण साचलेलं पाणी मुळीच चालत नाही, म्हणून दाणेदार मिश्रण लागतं.

मी वापरते ते असं: चार भाग जांभ्याचा किंवा भाजक्या विटेचा चुरा, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जुनं गांडूळखत. जांभ्याचा चुरा बांधकामाच्या चिऱ्याच्या व्यापाऱ्याकडे मिळतो. तो चुनखडीचा नसल्याने मातीचा सामू चढवत नाही. कास किंवा पाचगणीच्या पठारावरून मात्र खडासुद्धा उचलू नका. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, आणि तिथल्या त्या चार बोटं मातीवरच सगळी फुलं उभी असतात.

चुरा गव्हाच्या चाळणीने चाळा. खाली पडेल ती धूळ टाकून द्या, आणि वर राहिलेल्यातलं ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढं तेवढंच ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण धूळ राहिली तर वर्षभरात ती तळाशी बसून भोकं बुजवते. सांगली, मिरज किंवा तासगावकडे पाऊस कमी आणि उन्हाळा कडक, तिथे कोकोपीट दीड-दोन भागांपर्यंत वाढवलं तरी चालेल. साताऱ्यात, त्यातही जास्त पावसाच्या यवतेश्वरच्या बाजूला राहत असाल, तर खडी, म्हणजे चुऱ्याचा भाग, वाढवा.

एका हंगामात एकच घाव

माझं पहिलं झाड मी एका रविवारात मारलं. जुलै महिना होता. सकाळी कुंडीतून काढलं, निम्मी मुळं कापली, दुपारी फांद्या छाटल्या, संध्याकाळी तार गुंडाळली. चित्रातल्यासारखं दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात पानं काळी पडून गळाली आणि पुन्हा फूट आली नाही. तासगावचे माझे मामा द्राक्षबागायतदार. त्यांना ती सुकलेली काटकी दाखवली तर ते एवढंच म्हणाले, "एकाच येळेला पानं बी काढलीस आन् मुळं बी. मग त्यानं जगायचं कशावर?"

कारण समजून घेतलं की नियम पाठ करावा लागत नाही. छाटलेल्या झाडाला नवी फूट काढायला साठवलेलं अन्न लागतं, आणि त्या फुटीला पाणी पुरवायला धड मुळं लागतात. मुळं कापली तर उरलेल्या पानांनी अन्न तयार करून मुळं भरून काढायची असतात. दोन्ही एकदम तोडलं तर कुणी कुणाला सांभाळायचं? म्हणून मी वर्षाची वाटणी करून टाकली आहे.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत मोठी छाटणी, म्हणजे जाड फांद्या कमी करणं, खोडाची उंची कापणं. त्या वर्षी मुळांना हात नाही. कुंडी बदलायची ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, वळीव पडून हवेत गारवा आला की, आणि तीही दोन वर्षांनी एकदा. त्या वर्षी फेब्रुवारीची छाटणी नाही, फक्त शेंडे मारायचे. कुंडी बदलताना एक तृतीयांशाहून जास्त मुळं कधीच कापू नका. या झाडाला मुळांची छेडछाड आवडत नाही, पहिल्या वेळी तर चौथा हिस्साच पुरे. नोव्हेंबर ते जानेवारी काहीच करायचं नाही. रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरलं की पानं पिवळी पडून गळतात, तेव्हा कुंडी भिंतीलगत, दक्षिणेच्या उन्हात आणि वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. महाबळेश्वर-पाचगणीला असाल तर रात्री घरात घ्या.

डोळा बघून कात्री

आता मुख्य भाग. बहुतेक जण बोन्साय म्हटलं की तार आठवतात. फुकियन चहाची कोवळी फांदी वळते, पण एकदा ती पिकली की ठिसूळ होते आणि तार घालताना कडकन मोडते. दक्षिण चीनमध्ये, ग्वांगदोंगच्या लिंगनान परंपरेत, या झाडाला मुख्यतः कात्रीनेच आकार देतात. फांदी वाढू द्यायची, कापायची, पुन्हा वाढू द्यायची. मी हे तंत्र वाचलं होतं, पण हातात बसलं ते मामांच्या बागेत, ऑक्टोबरच्या छाटणीला त्यांच्यामागे फिरताना. तिथे काडीचे डोळे मोजल्याशिवाय कुणी कात्री लावत नाही. कोणता डोळा राखला त्यावर पुढचा हंगाम ठरतो. बोन्सायमध्ये कोणता डोळा राखला त्यावर फांदीची दिशा ठरते, एवढाच फरक.

करायचं कसं ते सांगते. फुकियन चहाची पानं फांदीवर एकाआड एक येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. त्या डोळ्यातून येणारी फूट पान ज्या बाजूला असतं त्याच बाजूला जाते. म्हणून फांदी डावीकडे वळवायची असेल, तर डावीकडे तोंड करून असलेल्या डोळ्याच्या वर दोन-तीन मिलिमीटर सोडून, जरा तिरका काप घ्यायचा. फांदीला आधी सात-आठ पानांपर्यंत मोकळी वाढू द्या. लांबली की तिचा बुंधा जाड होतो. मग दोन पानं राखून कापा. शेवटच्या डोळ्यातून नवी फूट येईल, तिलाही सात-आठ पानं होऊ द्या, मग उलट्या दिशेचा डोळा बघून पुन्हा दोनवर कापा. दर वेळी मागच्यापेक्षा जरा आखूड. अशा चार-पाच कापांनंतर फांदी वळणावळणाची, बुंध्याशी जाड आणि टोकाला बारीक होते, रानातल्या म्हाताऱ्या झाडासारखी. तारेने वाकवलेल्या फांदीला हा कोनदार वळसा येत नाही.

इथे सगळ्यात जास्त चूक होते ती घाईची. फांदी तीन पानांवर असतानाच शेंडा मारला तर झाड घनदाट आणि टवटवीत दिसतं खरं, पण फांद्या काड्यांसारख्या बारीकच राहतात. आधी जाडी, मग दाटी. फांदी हव्या त्या जाडीला आली की मग दोन-दोन पानांवर शेंडे मारत दाटी आणायची. या टप्प्याला आपल्या हवेत दोन-तीन वर्षं जातात. त्या काळात झाड वेडंवाकडं, अस्ताव्यस्त दिसतं, आणि ते तसं दिसू द्यायचं असतं.

खोड जाड करायचं असेल तर खालची एखादी फांदी वर्ष-दीड वर्ष अजिबात कापू नका, मोकाट वाढू द्या. तिच्यामुळे तिच्या खालचं खोड भरतं. काम झालं की फेब्रुवारीत ती बुंध्याशी कापून टाका. याची जखम मोठी असते आणि ती सावकाश भरते, म्हणून ही फांदी झाडाच्या मागच्या बाजूची निवडा. कापाला कट पेस्ट लावा. मामा बोर्डो पेस्ट लावतात, मोरचूद आणि चुन्याची. तीही चालते, फक्त निळसर डाग बरेच दिवस दिसत राहतो.

कोणत्या फांद्या ठेवायच्या? झाड डोळ्याच्या उंचीला धरून चारही बाजूंनी फिरवा. जिथून मुळांचा पसारा आणि खोडाचं वळण दोन्ही चांगलं दिसतं ती पुढची बाजू, तिथे कुंडीवर खडूने खूण करा. पहिली फांदी साधारण एकूण उंचीच्या एक तृतीयांशावर, खोडाच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला. दुसरी तिच्या विरुद्ध बाजूला जरा वर, तिसरी मागे, खोली दिसावी म्हणून. आतल्या वळणात आलेली, सरळ आकाशाकडे जाणारी, एकाच जागी समोरासमोर फुटलेली आणि खोडाच्या तोंडावर येणारी फांदी काढा. उंची बुंध्याच्या जाडीच्या सहापट धरली तर झाड भरदार दिसतं. अंगठ्याएवढं, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटरचं खोड असेल तर १२ ते १५ सेंटिमीटर. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत, पण पहिल्या झाडाला आधार देतात.

तार लागतेच ती पहिल्या फांदीला खाली आणायला. फांदी हिरवी-तपकिरी असतानाच, फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश जाडीची अॅल्युमिनियमची तार ४५ अंशांत गुंडाळा आणि वाकवताना दोन्ही अंगठे वळणाच्या आतून टेकवा. पावसाळ्यात वाढ जोरात असते, सहा-आठ आठवड्यांत तार रुतायला लागते, म्हणून दर रविवारी बघा. तार उलगडत बसू नका, पक्कडने तुकडे करून काढा. मोडायची भीती असेल तर फांदीला दोरा बांधून तो कुंडीच्या काठाला ताणा, तेवढ्याने काम होतं.

पाणी, पाऊस, खत

बोट एक पेर मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तर तळातून वाहेपर्यंत द्या. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा लागतं, सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. दुपारी एक ते चारच्या उन्हाला हिरवी जाळी हवी, बाकी दिवसभर उजेड जितका मिळेल तितका चांगला. घराच्या आत टीपॉयवर ठेवलेला फुकियन चहा काही महिन्यांत विरळ होऊन जातो, तिथे त्याला ठेवूच नका.

आमच्याकडे जुलैची झड लागली की आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. तेव्हा कुंडीच्या एका बाजूखाली अर्धी वीट सरकवून ती तिरकी ठेवा, पाणी एका कोपऱ्यातून निथळत राहतं. तीन-चार दिवस सलग पाऊस असेल तर पत्र्याखाली घ्या.

बोअरच्या जड पाण्यावर राहिलेल्या झाडाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागतात. ही लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण सामू चढल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. पावसाचं पाणी पिंपात साठवा आणि जमेल तेव्हा तेच द्या. तोवर द्राक्षाला वापरतात ते चिलेटेड लोह कृषी सेवा केंद्रात मिळतं, लिटरला अर्धा ग्रॅम घालून पानांवर संध्याकाळी फवारा.

खतासाठी शेंगपेंड १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवा, गाळा, दहापट पाणी घाला आणि मार्च ते ऑक्टोबर पंधरवड्यातून एकदा द्या. पेंड ट्रेवर तशीच टाकली तर मुंग्या आणि बुरशी येते. नुकतीच कुंडी बदललेल्या झाडाला महिनाभर खत नाही.

किडीत पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि उन्हाळ्यात लाल कोळी. हे झाड औषधांना फार नाजूक आहे, हे नीट लक्षात ठेवा. आधी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून कीड पुसून काढा, कोळ्यांसाठी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा. तेवढ्याने भागलं नाही तर लिटरला तीन मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण, तेही एकाच फांदीवर मारून चार दिवस थांबा. पानं गळाली नाहीत तर मगच सगळ्या झाडावर.

ट्रेमध्ये बसवताना

फांद्यांची जाडी जमेपर्यंत साध्या खोल मातीच्या कुंडीतच राहू द्या. उथळ ट्रे वाढ रोखतो, त्यामुळे तो शेवटी. ट्रेची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीएवढी घेतात. पहिल्या ट्रेला मी बोटभर जास्त खोली देते, उन्हाळ्यात तेवढंच पाणी टिकतं.

भोकांवर प्लॅस्टिकची जाळी तारेने बसवा. झाड बांधायला दोन तारा भोकांतून वर घ्या, कारण झाड हललं की नवी मुळं तुटतात. जुनी माती बांबूच्या काडीने कडेकडून सोडवा, सरळ खाली जाणारं जाड मूळ आखूड करा, बाजूला पसरणारी बारीक मुळं राखा. झाड ट्रेच्या बरोबर मध्ये नको, पहिली फांदी ज्या बाजूला जाते तिच्या विरुद्ध बाजूला थोडं सरकवून बसवा. मिश्रण घालून काडीने मुळांमध्ये हलके खोचत जा, पोकळी राहिली तर तिथलं मूळ सुकतं. मग झारीने तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत द्या आणि तीन आठवडे सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला ठेवा. या काळात थोडी पानं पिवळी होऊन गळतील, त्यासाठी पाणी वाढवू नका. नव्या फुटीची दोन पानं पूर्ण उलगडली की सकाळच्या उन्हात न्या, आणि पहिला शेंडा मारायला ऑगस्ट उजाडू द्या.